हवाईचे मोठे बेट : मोटारीने सात दिवसांची प्रदक्षिणा

पुणे-लोणावळा लोहमार्गावर बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्या दरम्यान घोरावाडी हे छोटेसे स्थानक लागते. जवळच घोरावडेश्वराचा डोंगर उभा आहे. या डोंगराच्या कातळात शेलारवाडीची बौद्ध लेणी कोरलेली असून त्यांपैकी एका लेण्यात आज शिवमंदिर आहे. येथील एका शिलालेखात धेनुकाकट गावच्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने आपल्या मुलासह हे लेणे दान केल्याची नोंद आहे. ज्या काळ्या कातळात ही लेणी खोदली गेली, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा गोठलेला थर होय. तसाच कातळ आजही जन्माला येताना पाहायचा असेल, तर पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांइतकी सोयीची जागा जगात क्वचितच सापडेल. विशेष म्हणजे तेथे डांबरी रस्ता थेट ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत जातो. त्यामुळे कंपनीच्या ठरीव सहलीला कंटाळलेल्या, स्वतः गाडी चालवू इच्छिणाऱ्या जोडप्यांसाठी हे बेट उत्तम पर्याय ठरते.

कोणते बेट निवडावे?

हवाई हे २१ ऑगस्ट १९५९ रोजी अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. ओआहू, माउई, काउआई आणि हवाई ही त्यातील पर्यटकांची प्रमुख बेटे. राजधानी होनोलुलू ओआहू बेटावर आहे. तिचा अक्षांश नागपूरच्या अक्षांशाला अगदी जवळचा आहे. माउईवरील हाना रस्ता सहाशेहून अधिक वळणांसाठी आणि एकेरी पुलांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र याच बेटावरील लाहैना हे ऐतिहासिक गाव ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात बेचिराख होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, याचे भान तेथे जाणाऱ्याने ठेवलेले बरे. काउआईच्या वायव्य किनाऱ्यावर समुद्रात थेट उतरणारे कडे असल्याने तेथे रस्त्याने पूर्ण प्रदक्षिणा होत नाही.

मोटारीने संपूर्ण फेरी मारायची तर राज्याला ज्याचे नाव मिळाले ते हवाई बेट, म्हणजेच ‘बिग आयलंड’ निवडावे. त्याचे क्षेत्रफळ १० हजार ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या सुमारे दोनतृतीयांश आहे. बेटाभोवतीचा मुख्य रस्ता सुमारे ३६० किलोमीटरचा आहे. हे अंतर एका दिवसातही कापता येते, पण तशी घाई केल्यास गाडीच्या काचेपलीकडचे फारसे काही पदरात पडत नाही. सात दिवस हाताशी ठेवावेत. बेटाबेटांमध्ये मोटारी वाहून नेणारी प्रवासी बोटसेवा २००९ मध्ये बंद पडल्याने एका बेटावरची गाडी दुसऱ्या बेटावर नेता येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

उलटा पाऊस

मावळातल्या माणसाला पावसाचे गणित ठाऊक असते. नैर्ऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर आदळतात, लोणावळ्यात धो-धो कोसळतात आणि पुण्याकडे येईतो त्यांचा जोर ओसरतो. हवाईत हेच गणित उलट्या दिशेने मांडलेले दिसते. तेथे व्यापारी वारे ईशान्येकडून येतात. त्यामुळे पूर्वेकडचे हिलो शहर वर्षाला सव्वातीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेते, तर डोंगरापलीकडचा पश्चिमेचा कोना-कोहाला किनारा कोरडा राहतो; त्यातील काही भागांत तो जेमतेम २५० मिलिमीटर पडतो. दोन्ही बाजूंमधले अंतर मोटारीने दोन तासांचेही नाही. सकाळी छत्री आणि दुपारी टोपी, असा हा प्रदेश आहे.

सात दिवसांचा मार्ग

पहिला आणि दुसरा दिवस कोना परिसरासाठी ठेवावा. विमानतळच गोठलेल्या लाव्हाच्या काळ्या पठारावर बांधलेला आहे. दक्षिणेकडे केआलाकेकुआ उपसागर लागतो. याच किनाऱ्यावर १४ फेब्रुवारी १७७९ रोजी ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक स्थानिकांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. जवळच असलेल्या होनाउनाउ येथे नियम मोडणाऱ्याला अभय मिळत असे असे प्राचीन शरणस्थान असून ते आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. वरच्या उतारांवर कॉफीचे मळे आहेत. कोना भागात कॉफीची लागवड १८२८ पासून होत आली आहे.

तिसऱ्या दिवशी अकरा क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेकडे निघावे. का लाए हे अमेरिकेच्या पन्नास राज्यांमधले सर्वांत दक्षिणेचे टोक. ते आपल्या कुलाब्याच्या जवळजवळ त्याच अक्षांशावर येते. पुढे पुनालुऊचा काळ्या वाळूचा किनारा आहे. तापलेला लाव्हा समुद्रात शिरताच फुटून त्याचा भुगा होतो आणि ही वाळू तयार होते. वाळूवर मोठी हिरवी समुद्रकासवे उन्हाला पडलेली असतात. त्यांच्यापासून किमान तीन मीटर दूर राहावे. त्यांना हात लावणे हा गुन्हा आहे.

चौथा आणि पाचवा दिवस ज्वालामुखी उद्यानाला द्यावा. मुक्काम उद्यानालगतच्या व्होल्कॅनो गावात केल्यास रात्री पुन्हा कड्यावर जाता येते. हा भाग सुमारे बाराशे मीटर उंचीवर असल्याने रात्री स्वेटर लागतो.

सहाव्या दिवशी हिलो आणि ईशान्येचा हामाकुआ किनारा पाहावा. आकाका धबधबा १३५ मीटर उंचीवरून एका धारेत कोसळतो. वाइपिओ दरीत उतरणारा अतितीव्र उताराचा रस्ता २०२२ मध्ये पर्यटकांसाठी बंद करण्यात आला. दरी वरच्या कठड्यावरून पाहावी. तिच्या तळाशी अळूची खाचरे आहेत. अळू हे मूळ हवाईवासीयांचे मुख्य अन्न, आणि त्यांच्या पुराणकथेनुसार माणसाचा थोरला भाऊ. अळकुड्या उकडून, कुटून केलेल्या लगद्याला ते ‘पोई’ म्हणतात. अळूवडीवर वाढलेल्या मराठी माणसाला पोईची आंबूस चव कदाचित रुचणार नाही, पण ओळख मात्र पटेल.

सातव्या दिवशी मौना केआ आणि मौना लोआ या दोन पर्वतांमधल्या खिंडीतून कोनाला परतावे. एकेकाळी खडबडीत म्हणून बदनाम असलेला हा रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झाला असून त्याचा माथा सुमारे दोन हजार मीटरवर आहे.

जिवंत पर्वत

हवाई ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९१६ साली झाली आणि १९८७ मध्ये त्याला जागतिक वारसा दर्जा मिळाला. येथील किलाउएआ हा जगातील सर्वाधिक जागृत ज्वालामुखींपैकी एक. त्याचा १९८३ मध्ये सुरू झालेला उद्रेक २०१८ पर्यंत चालला. १९९० मध्ये कालापाना हे गाव लाव्हाखाली गेले. २०१८ मध्ये पुना भागात सातशेहून अधिक घरे नष्ट झाली. त्याच वर्षी शिखरकुंड खचून कड्याभोवतालच्या रस्त्याचा एक तुकडा आत कोसळला. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकात लाव्हाची कारंजी थांबून-थांबून उसळत राहिली. काही तर ३०० मीटरहून उंच गेली. शेजारचा मौना लोआ १९८४ नंतर थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये जागा झाला होता.

उद्यानातील ‘चेन ऑफ क्रेटर्स’ रस्ता तीसएक किलोमीटरमध्ये अकराशे मीटर उतरून समुद्राला भिडतो. वाटेत १९६९ पासूनचे, १९७४ चे असे वेगवेगळ्या वर्षांचे लाव्हाप्रवाह रस्त्याच्या दुतर्फा दिसतात. शेवटी रस्ता लाव्हानेच गिळलेला आहे. तेथून मागे फिरावे लागते. दोरखंडाच्या वळ्यांसारखा गुळगुळीत लाव्हा तो ‘पाहोएहोए’ आणि खडबडीत, धारदार तो ‘आआ’. हे दोन्ही शब्द हवाईच्या भाषेतून जगाच्या भूशास्त्रात गेले. पुण्याभोवतालच्या टेकड्यांतही पाहोएहोए प्रकारचे थर ओळखू येतात. नाहुकू ही लाव्हाची नैसर्गिक भुयारी नळी पाहताना भाजे-कार्ल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच, की तिथली पोकळी वाहत्या लाव्हाने सोडली आणि इथली माणसाने छिन्नीने घडवली.

उद्रेक सुरू असताना हवेत गंधकयुक्त वायूंचे धुके पसरते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्या दिवसाचा वायूचा अंदाज पाहिल्याशिवाय उद्यानात जाऊ नये. बंद केलेल्या भागाचे दोर ओलांडू नयेत. उद्यानातील दगड उचलणे बेकायदा आहे. अग्निदेवता पेले हिच्या कोपाच्या भीतीने नेलेले दगड टपालाने परत पाठवणारे पर्यटक दरवर्षी असतात.

पाण्याचा धाक

आगीपेक्षाही पाण्याने येथे अधिक सावध राहावे. धबधब्याखालच्या डोहात, वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखालीही अचानक येतो. मावळच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि घोरावाडीजवळच्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीसह कोसळून चौघांचा मृत्यू झाला. सहलीच्या भरात फलक दुर्लक्षित होतात, हे दोन्हीकडचे दुखणे सारखेच आहे. हवाईच्या किनाऱ्यावर पाठ करून छायाचित्र काढणाऱ्याला एखादी मोठी लाट कातळावरून ओढून नेते. जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर पोहणे टाळावे.

हिलो शहराने १९४६ आणि १९६० अशा दोन विध्वंसक त्सुनामी सोसल्या. दुसरीत शहरातील ६१ जण मरण पावले. दर महिन्याच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी पावणेबारा वाजता भोंग्यांची चाचणी होते, तेव्हा घाबरू नये. इतर वेळी भोंगा वाजला किंवा किनाऱ्यावर मोठा भूकंप जाणवला, तर लगेच उंचावर जावे.

पुण्याचा धागा

४ हजार २०० मीटरहून उंच असलेला मौना केआ समुद्रतळापासून मोजल्यास दहा हजार मीटरच्या पुढे जातो. त्याच्या माथ्यावर जगातील काही बलाढ्य दुर्बिणी आहेत. तेथेच तीस मीटर व्यासाची महादुर्बीण उभारण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत भागीदार असून पुण्याची ‘आयुका’ ही संस्था त्यात सहभागी आहे. मात्र मूळ हवाईवासीयांच्या दृष्टीने हा पर्वत पवित्र आहे. २०१५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये त्यांनी रस्ता अडवला, ज्येष्ठांना अटक झाली आणि बांधकाम रखडले. विज्ञान श्रेष्ठ की श्रद्धा, असा सोपा प्रश्न हा नाही. १८९३ मध्ये आपली राणी पदच्युत झाल्यापासून या भूमीविषयीचे निर्णय आपल्याला न विचारता झाले, ही तेथील समाजाची जुनी जखम त्यामागे आहे. डोंगरावर देव आणि किल्ला दोन्ही असणाऱ्या प्रांतातून जाणाऱ्यांना ती समजणे अवघड नसावे.

पर्वतावर जायचे झाल्यास २ हजार ८०० मीटरवरील अभ्यागत केंद्रात किमान अर्धा तास थांबावे. त्यापुढे चारही चाकांना गती देणारे वाहनच चालते. गर्भवती महिला, हृदयरोगी आणि चोवीस तासांत स्कूबा डायव्हिंग केलेले पर्यटक यांनी माथ्यावर जाऊ नये.

निघण्यापूर्वी

व्हिसा : भारतीय पारपत्रधारकांना अमेरिकेचा पर्यटक व्हिसा लागतो. मुलाखतीची तारीख मिळण्यास वेळ लागत असल्याने विमानाची तिकिटे नंतर काढावीत.

प्रवास : भारतातून थेट विमान नाही. तोक्यो, सोल किंवा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून होनोलुलू आणि तेथून कोना वा हिलो असा मार्ग आहे. हवाईचे घड्याळ भारताच्या साडेपंधरा तास मागे असते. आशियातून जाताना वाररेषा ओलांडली जात असल्याने विमान आदल्या तारखेलाही उतरू शकते. हॉटेलचे आरक्षण करताना तारीख तपासावी.

वाहन परवाना : मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. मावळातील रहिवाशांना तो पिंपरी-चिंचवडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो. त्याची मुदत एक वर्ष असते. पती-पत्नी दोघेही गाडी चालवणार असतील तर दोघांचे परवाने हवेत आणि भाडेकरारात दोघांचीही नावे असावीत. अन्यथा अपघातानंतर विमा नाकारला जाऊ शकतो.

रस्त्याचे नियम : वाहतूक उजव्या बाजूने चालते. वेग मैलांत, इंधन गॅलनमध्ये मोजतात. लाल दिव्यावर पूर्ण थांबून, मनाईचा फलक नसल्यास, उजवीकडे वळता येते. दिवे लावून थांबलेल्या शाळेच्या बसला ओलांडू नये. हॉर्न वाजवणे उद्धटपणाचे मानले जाते. पहिले दोन दिवस चालकाशेजारी बसणाऱ्याने वळणावर ‘उजवीकडे’ अशी आठवण करून देत राहावे.

इतर : ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या ऊनरोधक मलमांच्या विक्रीला प्रवाळांच्या रक्षणासाठी १ जानेवारी २०२१ पासून तेथे बंदी आहे. ओहिआ वृक्षांना मारणारी बुरशी पसरू नये म्हणून रानवाटेपूर्वी आणि नंतर बुटांचे तळ घासून स्वच्छ करावेत. ताजी फळे परतीच्या सामानात भरण्यापूर्वी नियम विचारावेत. गाडीत बॅग दिसेल अशी ठेवून उतरू नये. उद्यानाचे शुल्क, खुले रस्ते आणि उद्रेकाची स्थिती वारंवार बदलत असल्याने निघण्याच्या दिवशी सकाळी खात्री करून घ्यावी.