तटबंदी उतरल्यानंतर : शहराच्या सौंदर्याचा एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

जगातील सुंदर शहरे कोणती, असे विचारले असता पॅरिस, व्हेनिस, प्राग, इस्तंबूल, क्योटो ही नावे सहज पुढे येतात. त्यामागील कारणे मात्र बहुधा वैयक्तिक असतात. कोणास नदीकाठ भावतो, कोणास जुन्या गल्ल्या, तर कोणास घुमट आणि मनोरे. चर्चा या पातळीवरच थांबली तर शहराचे सौंदर्य म्हणजे निसर्गाची देणगी किंवा थोर वास्तुशिल्पकारांचे कर्तृत्व, असा समज दृढ होतो. इतिहासाच्या अभ्यासकास हा समज अपुरा वाटतो. सुंदर इमारत एका पिढीत उभी राहू शकते. सुंदर शहर मात्र अनेक पिढ्यांनी घेतलेल्या आणि पाळलेल्या निर्णयांतून घडते.

हे निर्णय सर्वांत स्पष्ट दिसतात ते शहराला अचानक मोठी जमीन मोकळी मिळते तेव्हा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, दहा वर्षांच्या आत, बार्सेलोना, व्हिएन्ना आणि मुंबई या तीन शहरांनी आपली तटबंदी उतरविण्यास प्रारंभ केला. तिघांची कारणे सारखीच होती. सुधारलेल्या तोफखान्यापुढे तट निरुपयोगी ठरले होते, आतील वस्ती दाटून रोगराई वाढली होती आणि व्यापारास जागा हवी होती. परंतु मोकळ्या झालेल्या जमिनीचे काय करावयाचे, या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी मिळाली. शहराचे सौंदर्य प्रामुख्याने या उत्तरावर आणि ते किती काळ टिकविले गेले यावर अवलंबून असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

व्हिएन्ना : सम्राटाची इच्छा आणि नगराची गरज

इ.स. १५२९ आणि १६८३ मध्ये तुर्कांच्या वेढ्यांना तोंड देणाऱ्या व्हिएन्नाभोवती भक्कम तट होता व त्याबाहेर लष्करी कारणासाठी राखलेला रुंद मोकळा पट्टा होता. १८५७ च्या डिसेंबरात सम्राट फ्रान्झ योझेफ याने तट पाडून तेथे शहराचा विस्तार करण्याचा आदेश काढला. १८५८ मध्ये आराखड्यांची खुली स्पर्धा घेण्यात आली आणि तीत ८५ आराखडे आले. १ मे १८६५ रोजी ‘रिंगश्ट्रासे’ या वर्तुळाकार राजमार्गाचे उद्घाटन झाले.

या योजनेचा आर्थिक पाया लक्षात घेण्याजोगा आहे. मोकळ्या जमिनीचा काही भाग खासगी भूखंड म्हणून विकला गेला आणि त्या उत्पन्नाचा नगरविस्तारासाठी स्वतंत्र निधी करण्यात आला. त्याच्या आधारे रस्ते, उद्याने आणि अनेक सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. ऑपेरागृह १८६९ मध्ये, संसद व नगरसभागृह १८८३ मध्ये, तर विद्यापीठ १८८४ मध्ये पूर्ण झाले. नगरसभागृह व त्यासमोरील उद्यान आज जेथे आहे, तेथे पूर्वी लष्कराच्या कवायतीचे मैदान होते. लष्कर ते सोडण्यास राजी नव्हते. नगराध्यक्ष फेल्डर यांच्या प्रयत्नांमुळे ते नागरिकांस मिळाले.

या भव्यतेवर तत्कालीन टीकाही झाली. कामिलो झिटे यांनी १८८९ च्या आपल्या ग्रंथात म्हटले की, या विस्तीर्ण मोकळ्या जागांत इमारती एकाकी पडल्या असून जुन्या चौकांतील माणसाला सामावून घेणारा बंदिस्तपणा हरवला आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. राजमार्गावरील प्रासादतुल्य घरे संपन्न वर्गाची होती, तर उपनगरांतील कामगार एकेका खोलीत दाटीने राहत. केवळ रात्रीपुरती खाट भाड्याने घेणाऱ्यांचा मोठा वर्ग त्या शहरात होता.

या आक्षेपाचे उत्तर पुढील काळात मिळाले. १८९४ पासून शहराचा बाहेरचा दुसरा तट पाडला गेला आणि त्या जागी ‘गुर्टेल’ हा मार्ग झाला. १९१९ ते १९३४ या काळातील समाजवादी नगरप्रशासनाने साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. त्यांतील काही मोठ्या वसाहती याच गुर्टेलवर उभ्या राहिल्या आणि त्या भागास ‘श्रमिकांची रिंगश्ट्रासे’ असे नाव पडले. प्रत्येक वसाहतीच्या मध्यभागी झाडे असलेले प्रशस्त अंगण होते. व्हिएन्नाच्या सौंदर्याचा विचार करताना ऑपेरागृहाइतकेच या अंगणांनाही स्थान द्यावे लागते.

बार्सेलोना : नियम राहिला, बाग गेली

बार्सेलोनाचे तट १८५४ पासून पाडले जाऊ लागले. त्याच वर्षी शहरात पटकीची साथ होती. तटाबाहेरच्या मैदानात बांधकामास लष्करी बंदी असल्याने नगररचनाकारास जवळजवळ कोरी पाटी मिळाली. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याचा आराखडा १८५९ मध्ये माद्रिदच्या केंद्रीय शासनाने मंजूर केला. स्थानिक नगरपालिकेने स्पर्धा घेऊन वेगळा आराखडा निवडला होता. त्यामुळे सेर्दाची योजना शहरावर लादली गेल्याची भावना दीर्घकाळ टिकली.

सेर्दाने आधी कामगारांच्या घरांची, भाड्यांची, मजुरीची आणि मृत्यूंची आकडेवारी गोळा केली. दाट वस्तीतील गरीब माणूस लवकर मरतो, हे त्याला आकड्यांतून दिसले. म्हणून हवा व ऊन सर्वांस समान मिळावे, या तत्त्वावर त्याने नगर आखले. रस्ते किमान २० मीटर रुंद, सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस गट, वळणावर दृष्टी मोकळी राहावी म्हणून कापलेले कोपरे, इमारतींच्या उंचीवर मर्यादा आणि प्रत्येक गटात दोनच बाजूंना बांधकाम करून मध्ये बाग, असे त्याचे स्वरूप होते. श्रीमंतांची व गरिबांची वस्ती वेगळी करण्यास त्यात जागा नव्हती.

प्रत्यक्षात जमीनमालकांच्या दबावाखाली गटांच्या चारही बाजू बांधल्या गेल्या, उंची वाढत गेली आणि मधल्या बागांत गोदामे व कारखाने आले. सेर्दा १८७६ मध्ये निधन पावला, तेव्हा त्याच्या योजनेची मोडतोड सुरू झाली होती. मात्र रस्त्यांची रुंदी आणि कापलेले कोपरे टिकले, कारण रस्ता सार्वजनिक मालकीचा होता. बागेसाठी राखावयाची जमीन मात्र खासगी होती. आंतोनी गाउदी याची कासा मिला ही इमारत (१९०६-१२) पाहण्यास जगभरातून लोक येतात. ती ज्या कापलेल्या कोपऱ्यावर उभी आहे, तो सेर्दाने आखलेला आहे, हे त्यांतील थोड्यांच्याच ध्यानी येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नगरपालिका गटांच्या आतील काही बागा पुन्हा मोकळ्या करीत आली आहे. एकदा गेलेली जमीन परत मिळविणे किती कष्टाचे असते, हेच यातून दिसते.

मुंबई : मैदान आणि समुद्र

मुंबईचा कोट उतरविण्याचे काम गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६२ नंतर झाले. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ चे आहे. म्हणजे जुनी मुंबई नाहीशी होत असतानाच तिचे मराठीतील हे चरित्र वाचकांच्या हाती आले. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाच्या व्यापारात अमाप पैसा आला होता. भूखंडांच्या विक्रीतून आणि धनिकांच्या देणग्यांतून सार्वजनिक इमारतींसाठी निधी उभा राहिला. १८६५ मध्ये बाजार कोसळला, तरी सचिवालय (१८७४), विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह (१८७४), प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा (१८७८) आणि उच्च न्यायालय (१८७८) या इमारती एका रांगेत पूर्ण झाल्या. त्यांचे तोंड पश्चिमेकडे, म्हणजे त्या वेळच्या समुद्राकडे होते.

या इमारतींना शोभा आली ती समोरच्या मैदानामुळे. कोटाबाहेरचे हे मैदान मुळात सौंदर्यासाठी राखलेले नव्हते. १८०३ च्या आगीनंतर तोफांच्या माऱ्याची जागा मोकळी असावी म्हणून ते अधिक विस्तारण्यात आले आणि तेथील देशी वस्तीस उत्तरेकडे जावे लागले. लष्करी गरज संपल्यावर मात्र ते सगळे विकले गेले नाही. ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदाने त्या विस्तीर्ण पटांगणाचे अवशेष होत. पुढे बॅकबे येथे समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात ओव्हलच्या पश्चिमेस व मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको शैलीतील घरांची रांग उभी राहिली. तेथे उंची व मांडणीचे नियम पाळले गेल्याने अनेक मालकांच्या इमारती एकाच हाताने रचल्यासारख्या वाटतात. २०१८ मध्ये युनेस्कोने मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या या समूहास जागतिक वारशाचा दर्जा दिला. मधले मैदान नसते, तर दोन शतकांच्या दोन शैली परस्परांसमोर उभ्या राहिल्याच नसत्या.

याच शहराची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कोटाच्या जागी राजप्रासादासारखी कार्यालये उभी राहत असताना उत्तरेकडील वस्तीत गटारांची व पाण्याची दैना होती. १८९६ च्या प्लेगने ती उघडी पाडली आणि त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले.

गिरण्यांच्या जमिनी : दुसरी संधी

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईस पुन्हा एकदा अशी संधी मिळाली. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न निर्माण झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक तृतीयांश मालकांस, अशी वाटणी अभिप्रेत होती. १९९६ मध्ये वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने सर्व गिरण्यांचा एकत्रित विचार करण्याची गरज मांडली. परंतु २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दुरुस्तीचा संकुचित अर्थ नाकारला, तर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती ग्राह्य ठरविली. सार्वजनिक हिश्श्यास येणारी जमीन त्यामुळे फारच घटली. तेथे आज काचेचे उत्तुंग मनोरे आहेत. त्यांतील एखादा सुंदरही असेल. पण त्यांच्या मध्ये ओव्हलसारखे मैदान नाही.

हा निर्णय न्यायालयात कायद्याच्या भाषेत झाला, त्यात सौंदर्याचा उल्लेख गौण होता. तरीही पुढील शंभर वर्षे परळ-लालबाग कसे दिसेल आणि तेथे कोण राहील, हे त्यानेच ठरविले.

समारोप

तीन शहरांच्या या तुलनेतून काही निष्कर्ष निघतात. पहिला, शहराच्या सौंदर्यात बांधलेल्याइतकाच न बांधलेल्या जागेचा वाटा असतो. दुसरा, ज्या जागेची मालकी सार्वजनिक राहिली ती टिकली. केवळ नियमाच्या भरवशावर सोडलेली जागा बार्सेलोनाच्या बागांप्रमाणे किंवा गिरण्यांच्या जमिनीप्रमाणे हातची गेली. तिसरा, ज्यांना त्या शहरात नीट राहता येत नाही त्यांच्या दृष्टीने त्याच्या शोभेस अर्थ नसतो. व्हिएन्नाने ही उणीव दोन पिढ्यांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला, हे तिच्या इतिहासातील महत्त्वाचे पर्व आहे.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनी आणि मिठागरे यांविषयीची चर्चा सुरूच आहे. तटबंदी उतरल्यानंतरचा तोच प्रश्न तेथे नव्याने उभा आहे. आवडत्या शहरांविषयी विद्यार्थ्यांशी बोलताना त्या शहरांतील मनोऱ्यांबरोबरच तेथे कोणती जमीन, कोणी आणि कोणासाठी विकावयाची नाकारली, हेही सांगणे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे, असे वाटते.