खिडकीचा मालक कोण?

“खिडकी किती वर्षांची?” वकिलांनी मला पहिला प्रश्न हा विचारला. शेजारच्या भूखंडावर बावीस मजली इमारत उठते आहे, तिची भिंत माझ्या दोन्ही खिडक्यांपुढे येणार, दलाल आत्ताच घराची किंमत पाडून सांगतो आहे, हे सगळे मी त्यांना सांगितले. त्यांना वर्षे हवी होती. अकरा, मी म्हणालो. नऊ कमी पडली.

हा वीस वर्षांचा आकडा इंग्लंडच्या १८३२ च्या कायद्यातला. वीस वर्षे अखंड मिळालेल्या उजेडावर घराचा हक्क. आपल्याकडे तो १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आला आणि १८९१ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला. तो वाचताना मी कलम १२ पाशी थांबलो. हक्क मिळतो मालकाला. घरात राहणारा माणूस तो मिळवू शकतो, पण मालकाच्या वतीने. म्हणजे भाडेकऱ्याच्या पोरांनी वीस वर्षे त्या उजेडात अभ्यास केला, तरी हक्क साठतो घरमालकाच्या खात्यावर!

माझे वडील गिरणी कामगार. परळच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली, खिडकी एकच. १९७९ मध्ये शेजारच्या गोदामाची भिंत तिच्यापुढे हातभर अंतरावर चढली. खिडकी तेव्हा तीस वर्षांहून जुनी होती. घरमालकाने गोदामवाल्याशी तडजोड केली, पैसे घेतले. आम्हाला काय मिळाले? दिवसाही लावायचा चाळीसचा बल्ब, आणि त्याचे बिल. आई तांदूळ निवडायला दारात बसू लागली.

याच कायद्याचे कलम १७ सांगते की मोकळ्या जमिनीला असा उजेडाचा हक्क मिळतच नाही. आमची निम्मी वस्ती तर अंगणातच जगत आली. भरपाई मागायची तर नुकसान भरीव हवे: मालमत्तेची किंमत लक्षणीय घटावी, नाहीतर राहणाऱ्याच्या शारीरिक सुखाला किंवा धंद्याला मोठी बाधा यावी. पण ज्या खोलीला किंमतच नव्हती तिची किंमत घटणार किती?

उजेडाचा संबंध माणसाच्या जगण्याशी आहे, हे मुंबईच्या सरकारला १८९६ च्या प्लेगने शिकवले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. साध्या भाषेत, समोर जेवढी मोकळी जागा, तिच्या दुपटीहून इमारत उंच नको. खोलीत माणूस राहतो, एवढे त्या नियमाला पुरे होते. (त्याच ट्रस्टने गरिबांच्या वस्त्या पाडल्या आणि उठवलेल्या सगळ्यांना काही घरे दिली नाहीत, हेही लिहून ठेवतो.)

आज नियमात मोकळी जागा आहे, पण ती कमी पडली तर अधिमूल्य भरून महापालिकेकडून सवलत मिळते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. २०१८ च्या पाहणीने तिथल्या क्षयरोगाचा संबंध या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांशी जोडला.

वकील म्हणाले, मोकळ्या जागेबद्दल महापालिकेकडे हरकत घ्या, तिला वीस वर्षे लागत नाहीत. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: “जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे ना?”

झालेली नाही. सातबारा अजून बिल्डरच्याच नावावर आहे.