कुंभारकाम, पण डिग्रीचं

भाची बीएफएला सिरॅमिक करतेय. गणपतीत घरी आली तर एका नातेवाईकांनी विचारलंच, "म्हणजे कुंभारकामच ना? त्याला चार वर्षं कशाला?" पोरगी हसली, पण खट्टू झाली. मंडळी, या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. सरकारचा हेतू चित्रकार घडवण्यापेक्षा इथले कारागीर 'सुधारावेत' असा होता. तिथले ड्रॉइंगचे मास्तर जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात मातीकाम मनावर घेतलं. आपल्याकडचा कुंभार माठ, पणत्या, कौलं घडवणारा. त्याच्या आव्यात निघणारं भांडं बिनझिलईचं, पाणी पाझरणारं, आणि म्हणूनच पाणी गार ठेवणारं. झिलईची परंपरा होती सिंधमध्ये. टेरींनी ती मुंबईत आणली. त्याच सुमारास, १८७२पासून, ग्रिफिथ्स साहेब जे.जे.ची मुलं घेऊन अजिंठ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते. ती नक्षी थेट या भांड्यांवर आली. सिंधची झिलई, अजिंठ्याची वेलबुट्टी आणि गिऱ्हाईक बहुतेक साहेब! यातली काही भांडी भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. राणीच्या बागेत पोरांना घेऊन जाताच, तर शेजारच्या दारातही डोकावा.

आता गंमत बघा. आकार आणि नक्षी कागदावर ठरवणारा तो कलाकार, आणि चाकावर बसणारा तो कारागीर, अशी विभागणी इथे पक्की झाली. भांड्यांना नाव पडलं 'बॉम्बे स्कूल पॉटरी'. चाक फिरवणाऱ्यांची नावं शोधायला जा, हाताला फारसं काही लागत नाही.

काचेची गोष्ट वेगळीच. ती आर्ट स्कूलमधून आलीच नाही, ती आली स्वदेशीतून. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. टिळकांचा पाठिंबा होता. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. काम लावून दिलं जपानला जाऊन काच शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. हा नुसता कारखाना नव्हता, शाळाच होती. तिथे शिकलेली पोरं पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. १९१६ला कऱ्हाडजवळ ओगले काच कारखाना आला, आणि 'प्रभाकर' कंदील तर आपल्या आज्यांनी पुसलेला आहे.

तळेगावात फुंकणीवर बसणाऱ्या पोराला कुणी ड्रॉइंगची परीक्षा विचारत नव्हतं. आणि जे.जे.तल्या मुलाला वितळलेल्या काचेचा गोळा फिरवायचा योग नव्हता. दोन्ही एकाच प्रांतात, पण दोघांची गाठ पडली नाही ती नाहीच. यात एक तांत्रिक कारणही आहे, ते मान्य करायला हवं. माती थंडपणी घडवता येते, मग भट्टी लावायची. साधी भाजणी हजार अंशांच्या आतबाहेर, स्टोनवेअर असेल तर बाराशेच्या वर. काम संपलं की भट्टी विझवली. काच मात्र तापलेली असतानाच घडवावी लागते, त्यामुळे भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवायची. कारखान्याला ते परवडतं. कॉलेजच्या बजेटात ते बसवणं सोपं नाही.

असो. मुद्दा भाचीचा होता. चार वर्षांत ती मातीचं आकुंचन मोजते, झिलईची रसायनं तोलते, भट्टी फुटली की रडते. हे शिकायला चार वर्षं कमीच आहेत, असं त्या नातेवाईकांना मी सांगितलं.

पण माझ्या मनात आमच्या गावच्या कुंभारवाड्यातला एक पोरगा आहे. दहाव्या वर्षी तो चाकावर डोळे मिटून बोळकी काढायचा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या नाहीत, कारण शाळेला चित्रकलेचे शिक्षकच नव्हते. सीईटी हा शब्द त्याच्या घरी कुणी ऐकलेला नव्हता. आज तो एमआयडीसीत हेल्पर आहे. भाचीच्या वर्गात कुंभाराघरचं कुणी आहे का, म्हणून मी तिला विचारलं. ती थोडा वेळ आठवत बसली, मग म्हणाली, "मामा, चाक शिकवायला येतात ते काका आहेत ना, ते."