गायकांची पुण्याई आणि सिल्वासाची मुक्ती

लोकप्रिय संगीताने राजसत्ता बदलते का, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात सहसा शाहिरांच्या, म्हणजे डफाच्या साथीवर पोवाडे गाणाऱ्या लोककवींच्या कामगिरीत शोधले जाते, आणि अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी, म्हणजे मराठी भाषकांच्या एका राज्यासाठी गाजवलेल्या सभा पाहता ते योग्यच आहे. नगर हवेलीचे मुख्य ठाणे असलेल्या सिल्वासाचे उदाहरण मात्र निराळे असून तेथे गीतापेक्षा गायकांचा लौकिक कामी आला.

मराठ्यांशी झालेल्या 1779 च्या तहानुसार नगर हवेली परगण्याचा, म्हणजे अनेक गावांच्या महसुली विभागाचा वसूल 1783 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, आणि दमणपासून तुटलेला, चहूकडून भारतीय प्रदेशाने वेढलेला हा मुलूख 1947 नंतरही त्यांच्याच ताब्यात राहिला. संघाचे कार्यकर्ते राजा वाकणकर, संगीतकार सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सशस्त्र उठावाने मुक्त करण्याचे ठरवले, तेव्हा शस्त्रांसाठी पैशाची मोठी अडचण होती. गुप्त मोहिमेसाठी चारचौघांत वर्गणी मागता येत नाही, गाण्याचा कार्यक्रम मात्र उजळ माथ्याने करता येतो. फडक्यांच्या शब्दाखातर लता मंगेशकर 1954 मध्ये पुण्यात गायल्या आणि त्या कार्यक्रमाचा निधी मोहिमेला मिळाला. रसिकांचा या दोघांवर जो विश्वास होता, त्याचेच येथे भांडवल झाले.

त्याच वर्षी 22 जुलैला नगर हवेलीशेजारचे, पोर्तुगीजांच्याच ताब्यातले दादरा युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी घेतले, तर 2 ऑगस्टला आझाद गोमांतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक यांनी सिल्वासा मुक्त केले. फडके स्वतः त्या तुकडीत होते. तरीही केवळ या धाडसाने निकाल लागला, असे म्हणणे अपुरे ठरेल, कारण भारत सरकारने दमणहून येणाऱ्या पोर्तुगीज फौजेची वाट अडवली नसती, तर मूठभर तरुणांना सिल्वासा टिकवणे अवघड गेले असते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही 12 एप्रिल 1960 रोजी भारतीय हद्दीतून तेथे सैन्य व शस्त्रे नेण्याचा पोर्तुगालचा हक्क नाकारला.

आणखी एक गोष्ट इतिहासकारांनी नजरेआड करू नये. हा मुलूख वारली, धोडिया, कोकणा अशा आदिवासींचा. त्यांचे संगीत तारप्याचे, म्हणजे दुधी भोपळा व बांबू यांपासून केलेल्या फुंकवाद्याचे. ज्या गाण्यांनी पुण्यात पैसा उभा केला, ती त्यांच्यासाठी रचलेली नव्हती, त्यामुळे येथे संगीताने जनमत घडवले असा दावा टिकत नाही. त्याने साधने पुरवली, आणि तेही थोडेथोडके नव्हते.

11 ऑगस्ट 1961 रोजी दादरा आणि नगर हवेली भारतात विलीन झाले. तोवर 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले 'गीतरामायण', म्हणजे फडक्यांनी संगीत दिलेली रामकथेची गीतमालिका, त्यांना घरोघर घेऊन गेले होते. त्यांच्या चरित्रात सिल्वासाच्या प्रकरणाला त्याच्या बरोबरीचे स्थान मिळायला हवे.