मेंढा (लेखा) येथील अभ्यासगट आणि नेतृत्वशिक्षणाची उद्दिष्टे

व्यवसायशिक्षणाची पदव्युत्तर शाळा हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली काढली. भारतात १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे व्यवस्थापनसंस्था स्थापन झाल्या. या शिक्षणाची उद्दिष्टे स्थूलमानाने चार सांगता येतात: अपुऱ्या माहितीवरही निर्णय घेण्याची तयारी, हिशेबाची जाण, माणसे जोडण्याची हातोटी आणि परिणामांची नैतिक जबाबदारी. ही चारही उद्दिष्टे व्यक्तीला उद्देशून असतात. तेच शिक्षण संपूर्ण गावाने घेतल्याचे एक उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या वनप्रदेशात आढळते.

हा जिल्हा १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याच दशकात, इंचमपल्ली व भोपालपट्टणम् येथील नियोजित धरणांविरुद्धच्या आंदोलनानंतर, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभेचे कार्य आकारास आले. देवाजी तोफा हे गावातील प्रमुख कार्यकर्ते. चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बाहेरचे सहकारी. या कार्याचे वैशिष्ट्य म्हणजे अभ्यासगट होय. वनहक्क, कायदा, मधसंकलन अशा एखाद्या विषयावर इच्छुक ग्रामस्थ एकत्र बसत, जाणकारांस पाचारण करीत, प्रश्न विचारीत. तथापि अभ्यासगटास निर्णयाचा अधिकार नसे. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. ज्याला अधिक कळते त्याच्याच हाती सत्ता एकवटू नये, अशी ही विभागणी होती.

या शिक्षणाची कसोटी पुढे लागली. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तथापि बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिल्याने हक्क कागदावरच उरला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवानापुस्तक ग्रामसभेस मिळाले. त्यानंतर तोडीचे प्रमाण, मजुरी, विक्री आणि जमाखर्च हे सारे व्यवहार गावालाच पाहावे लागले. पदव्युत्तर वर्गात जे प्रसंगाभ्यास म्हणून मांडले जाते, ते येथे प्रत्यक्ष उपजीविकेचा प्रश्न होऊन पुढे आले. चूक झाल्यास गुण कमी होणार नव्हते, वन कमी होणार होते. २०१३ साली गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामदानाचा निर्णय घेतला, तोही याच परंपरेत बसतो.

या पद्धतीस मर्यादा आहेत. सर्वसहमतीस वेळ लागतो; एका विरोधानेही निर्णय थांबतो. लहान गावात जे साधते ते मोठ्या उद्योगसंस्थेत जसेच्या तसे साधेल असे म्हणता येत नाही. परंतु नेतृत्वशिक्षणाच्या उद्दिष्टांत एका प्रश्नाची भर या इतिहासाने निश्चित घातली आहे: नेता दूर झाल्यावर त्याचे ज्ञान मागे राहिलेल्यांपाशी किती उरते? विद्यार्थ्याची परीक्षा घेणाऱ्या अभ्यासक्रमाने हाही प्रश्न विचारावयास हवा.