दोन मिनिटांच्या स्तब्धतेची कुळकथा

केप टाउनमध्ये पाहणाऱ्याची नजर आधी टेबल माउंटनवर जाते. हजार मीटरांहून उंच आणि माथ्यावर सपाट असा तो डोंगर आहे. त्याच्या शेजारची सिग्नल हिल जेमतेम साडेतीनशे मीटरांची. बंदरात येणाऱ्या गलबतांना तिच्यावरून बावट्यांनी इशारे देत. पण श्रद्धांजली सभेत आपण दोन मिनिटं उभे राहतो, त्या रीतीचं मूळ या लहान टेकडीशी जोडलेलं आहे.

या टेकडीवरून रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या सोडून रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते. पूर्वी ती शहरातच उडे, 1902 साली टेकडीवर हलवली. काम होतं जहाजांना अचूक वेळ सांगण्याचं. जहाजावरचं घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तापाशी हिशेब एका सागरी मैलाने चुकतो. आवाज पोहोचायला वेळ लागतो, म्हणून जाणते खलाशी धुराकडे बघून घड्याळ लावत.

1918 च्या एप्रिलमध्ये महापौर सर हॅरी हँड्स यांचा मुलगा रेजिनाल्ड पहिल्या महायुद्धात मृत्युमुखी पडला. दक्षिण आफ्रिकेकडून तो एक कसोटी सामना खेळला होता. त्याच सुमारास ब्राइडन नावाच्या नगरसेवकाने सुचवलं, की दुपारच्या तोफेनंतर सगळ्या शहराने क्षणभर थांबावं, आणि महापौरांनी ते अमलात आणलं. 14 मे रोजी ॲडर्ली स्ट्रीटवर तोफेसरशी ट्राम थांबल्या, माणसं टोप्या काढून उभी राहिली आणि एका इमारतीच्या सज्जातून बिगुल वाजला. पहिल्या दिवशी तीन मिनिटं ठरली होती. ती फार लांबली, म्हणून दोन केली. पुढे कित्येक महिने हे रोज चाललं.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की शोकासाठी कुणी नवा सोहळा उभारला नाही. घड्याळ लावायला लोक तसेही त्या क्षणी कान देत होते; तीच सवय दुःखाच्या कामी आली. आणि मुलगा गमावलेल्या बापाने ते दुःख एकट्याचं न ठेवता सगळ्या गावाचं केलं.

लेखक सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांचाही मुलगा 1917 मध्ये याच युद्धात गेला होता. केप टाउनचा हा प्रघात सगळ्या ब्रिटिश साम्राज्याने पाळावा, असं त्यांनी ब्रिटनचे वसाहतमंत्री लॉर्ड मिल्नर यांना लिहिलं. राजे पंचम जॉर्ज यांनी ते मान्य केलं आणि 11 नोव्हेंबर 1919 रोजी सकाळी अकरा वाजता ठिकठिकाणी व्यवहार थांबले.

साम्राज्य गेलं, रीत राहिली. आपल्याकडे 30 जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, अकराच्या ठोक्याला देशभर दोन मिनिटं स्तब्धता पाळायची असते. तिची सूचना भोंग्याने द्यावी, किंवा सोय असेल तिथे लष्करी तोफ उडवून द्यावी, असं सरकारी परिपत्रक सांगतं.