रात्रीची लाईट, रात्रपाळी अन् उडालेली झोप : उपाय काय?

आठवडाभर शेतीपंपाला रात्रीची लाईट किंवा कारखान्यात रात्रपाळी असली, की दिवसा अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर लागतं. सकाळचं ऊन त्याला ‘उठा’ म्हणतं.

पाळीच्या पहिल्या निम्म्या वेळेत लख्ख उजेडात काम करावं, चहाही तेव्हाच. सकाळी घरी येताना काळा गॉगल लावावा. पेंग येत असेल तर आधी तिथंच 20 मिनिटं डुलकी, मगच गाडीला किक. खिडकीला गोधडी टांगून अंधार करावा, मोबाईल बाहेरच्या खोलीत. पाळी बदलायचीच तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमानं मागावी. उलटा क्रम अंगाला जड जातो.

मेलाटोनिनची गोळी चुकीच्या वेळी घेतली तर घड्याळ उलटंच सरकतं. ती मेडिकलातून परस्पर आणू नये, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.